लाल शाई नेमकी कुठे लावायची?

१९९६ साली जॉन ट्रसकॉट नावाच्या, तैवानमध्ये शिकवणाऱ्या प्राध्यापकाने ‘लँग्वेज लर्निंग’ या नियतकालिकात एक लांबलचक पेपर छापला. म्हणणं मात्र एका ओळीचं होतं. दुसरी भाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या लिखाणातल्या व्याकरणाच्या चुका शिक्षकाने दुरुस्त करण्याचा उपयोग होत नाही, उलट नुकसान होतं, म्हणून हा प्रकार बंद करावा. ‘कमी करावा’ किंवा ‘सुधारावा’ असं नाही, सरळ बंद. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या डेना फेरिस यांनी ‘जर्नल ऑफ सेकंड लँग्वेज रायटिंग’मध्ये त्याला उत्तर दिलं आणि त्याच वर्षी तिथेच ट्रसकॉटने प्रत्युत्तर दिलं. हा वाद अजून पुरता मिटलेला नाही.

माझा विषय भाषाशास्त्र नाही, वनस्पतिशास्त्र आहे. तरी हे पेपर मी वाचले, कारण पेट पास होऊन सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या प्रत्येकाचा या वादाशी थेट संबंध येतो. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी बारा-पंधरा पानं लिहून दिलेली असतात, ती परत येतात तेव्हा ‘द’ आणि ‘अ’भोवती लाल गोल असतात आणि शेवटी शेरा असतो: ‘इंग्लिश पूअर. रीराइट.’ प्रयोगाबद्दल एक शब्द नसतो. मग पोरगं घरी येऊन काय करतं? ‘द’ घालतं, ‘अ’ काढतं, पुन्हा देतं. संशोधनाचा प्रश्न बरोबर होता की नाही, हे कुणी पाहिलंच नाही ही गोष्ट त्याच्या लक्षातसुद्धा येत नाही.

आधी ट्रसकॉटचा पुरावा पाहू. आपण प्रयोगाचे पेपर वाचतो तसेच हेही वाचायचे: कंट्रोल गट कुठे आहे, मोजलं काय, किती दिवसांनी मोजलं.

त्याने आधार घेतलेल्या अभ्यासांपैकी एक सेमके यांचा, १९८४ चा. जर्मन शिकणारे अमेरिकन विद्यार्थी. काहींना फक्त मजकुरावर अभिप्राय मिळाला, काहींना दुरुस्त्या, काहींना दोन्ही, आणि काहींना चुकांच्या खुणा देऊन स्वतः सुधारायला सांगितलं. दुरुस्तीमुळे लिखाणाची अचूकता वाढलेली दिसली नाही. फक्त अभिप्राय मिळालेली मुलं मात्र जास्त लिहू लागली. दुसरा अभ्यास रॉब, रॉस आणि शॉर्टरीड यांचा, १९८६ चा, जपानमधला. १३४ विद्यार्थी आणि चार गट: एकाला थेट बरोबर रूप लिहून दिलं, दुसऱ्याला चुकीचा प्रकार सांगणारा कोड दिला, तिसऱ्याला फक्त चुकीची जागा दाखवली, चौथ्याला समासात ‘या ओळीत इतक्या चुका’ एवढाच आकडा. चारही गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

ट्रसकॉट म्हणतो, बघा, एवढी मेहनत करून थेट दुरुस्त्या दिल्या काय आणि आकडा टाकला काय, फळ सारखंच. म्हणजे दुरुस्ती निकामी. इथे तुमच्यातला विज्ञानाचा विद्यार्थी जागा व्हायला हवा. या प्रयोगात ‘काहीच दुरुस्ती नाही’ असा गटच नव्हता. चार प्रकारची खतं चार वाफ्यांना दिली, चारही वाफे सारखे वाढले, त्यावरून ‘खताचा उपयोग नाही’ असा निष्कर्ष निघत नाही. निघतो तो एवढाच की या चारांत डावं-उजवं दिसलं नाही. पाचवा, बिनखताचा वाफा कुठे आहे? फेरिस यांच्या उत्तरातला मोठा भाग याच प्रकारचा आहे: अभ्यास एकमेकांशी तुलना करण्याजोगे नाहीत, पद्धती वेगळ्या आहेत आणि उलट बाजूचे निष्कर्ष ट्रसकॉटने हलक्यात काढले. हे सगळं खरं आहे.

पण ट्रसकॉटचा एक मुद्दा मला आजही पक्का वाटतो आणि तो मोजमापाचा आहे. शिक्षकाने दुरुस्त केलेला मसुदा विद्यार्थ्याने पुन्हा लिहून आणला आणि त्यात चुका कमी दिसल्या, तर ती शिकल्याची खूण नाही. त्याने लाल शाई उतरवून काढली एवढंच. शिकला की नाही हे नव्या लिखाणात कळेल, तेही काही काळ गेल्यावर. सिनॉप्सिसच्या सातव्या मसुद्यात ‘द’ जागच्या जागी बसला म्हणून तुम्हाला ‘द’ येऊ लागला असं होत नाही. थीसिसचा पहिला चॅप्टर लिहाल तेव्हा तीच चूक तिथेच सापडेल.

मग खराच कंट्रोल गट ठेवून कुणी तपासलं का? हो. बिचनर आणि नॉक यांनी ऑकलंडमध्ये केलेला, २०१० साली ‘अप्लाइड लिंग्विस्टिक्स’मध्ये आलेला अभ्यास वाचा. ५२ विद्यार्थी, १० महिने, एक गट बिनदुरुस्तीचा. दुरुस्ती सगळ्या चुकांची नव्हती. फक्त दोन गोष्टी घेतल्या: एखादी वस्तू पहिल्यांदा आली की ‘अ’, तीच पुन्हा आली की ‘द’. यावर एकदाच दुरुस्ती दिली, आणि दर वेळी नव्या लिखाणात मोजलं. दुरुस्ती मिळालेले गट कंट्रोलच्या पुढे गेले आणि १० महिन्यांनीही पुढेच राहिले. ट्रसकॉटचा सरसकट दावा इथे पडतो. पण काय वाचलं हेही नीट पाहा: एकच नियम, तोही दोन वाक्यांत सांगता येणारा. त्यावरून ‘पानभर लाल शाई उपयोगी असते’ असं म्हणणं ही आपली उडी झाली.

आता फेरिस यांच्याकडे येतो, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे. त्यांनी चुकांचे दोन भाग केले. काही चुकांना नियम असतो, म्हणून त्या सांगून सुधारता येतात: आर्टिकल, काळ, कर्ता-क्रियापदाचा मेळ. काहींना नियम नसतो: शब्दाची निवड, वाक्प्रचार, वाक्याची एकूण बांधणी. पहिल्या प्रकारात खूण करून द्या, विद्यार्थी नियम पाहून सुधारेल. दुसऱ्या प्रकारात त्याला शोधायला जागाच नाही, म्हणून शिक्षकाने बरोबर शब्द थेट लिहून द्यावा. अमेरिकेतल्या कॉलेजात निबंध लिहिणाऱ्या मुलांसाठी ही विभागणी चांगलीच आहे. पण संशोधनाच्या लिखाणाला लावली की ती मोडते, आणि नेमकी कुठे मोडते हे आपल्या भागातली वाक्यं घेतल्याशिवाय दिसत नाही.

खालची वाक्यं मी रचलेली आहेत, कुणाच्या सिनॉप्सिसमधून उचललेली नाहीत. पण नरखेड तालुक्यातल्या कोणालाही ती ओळखीची वाटतील.

त्याआधी एक गोष्ट. नरखेड, मोवाड, जलालखेडा, सावरगाव, इकडच्या पोराला इंग्रजीत पहिल्यांदा कुणी टोकतं त्याच्या आधीच मराठीत टोकलेलं असतं. घरी ‘मले’, ‘तुले’. शाळेत ‘मला म्हण, तुला म्हण’. घरी ‘मी करून राहिलो’. वहीत ‘मी करीत आहे’. तालुक्याच्या शेजारी मध्य प्रदेशातलं पांढुर्णा, त्यामुळे हिंदी तर कानावर असतेच. मग २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं. म्हणजे माझ्या पिढीला दुरुस्ती ही गोष्ट फार लवकर कळली, पण ‘दुरुस्ती म्हणजे मोठ्यांच्या समोर कमी बोलायचं’ या अर्थाने. ट्रसकॉट म्हणतो की दुरुस्तीच्या भीतीने विद्यार्थी कमी लिहितो, सोपं लिहितो, अवघड रचना टाळतो. हे वाचताना मला पुरावा शोधावा लागला नाही, राजेहो.

आता वाक्यं. ‘द ग्राफ इज शोइंग इन्क्रीज.’ कारण डोक्यात ‘ग्राफ वाढ दाखवून राहिला’ आहे, किंवा प्रमाण मराठीत ‘दाखवत आहे’. चालू असलेली क्रिया सांगायला आपल्या बोलीत ‘-ऊन राहणे’ इतकं ठसठशीत रूप आहे की ते इंग्रजीत ‘आयएनजी’ होऊनच उतरतं. छापलेला ग्राफ मात्र इंग्रजीत क्रिया करत बसलेला नसतो, म्हणून ‘शोज’. दुसरं: ‘इन २०१५ दे हॅव रिपोर्टेड.’ मराठीत ‘२०१५ मध्ये त्यांनी दाखवलं आहे’ हे शंभर टक्के बरोबर आहे, कारण निष्कर्ष आजही उभा आहे. इंग्रजीत साल दिलं की ‘हॅव’ गळतो. तिसरं: ‘ऑल्दो द ट्रीज वेअर ओल्ड, बट द यील्ड वॉज गुड.’ आपल्याकडे ‘जरी’ आला की ‘तरी’ यावाच लागतो, नाहीतर वाक्य लंगडतं. इंग्रजीला दोघांपैकी एक पुरतो.

या तिन्ही चुकांना कारण आहे, नियम आहे, आणि कारण मराठीतच सापडतं. लाल गोल मारण्याऐवजी ‘इथे जरी-तरी आलंय’ एवढं कुणी समासात लिहिलं तर पोरगं जन्मभर विसरणार नाही. एडिंबराच्या कॉर्डर यांनी १९६७ मध्येच सांगितलं होतं की शिकणाऱ्याची चूक ही त्याच्या डोक्यात कोणता नियम चालू आहे याचा पुरावा असते. १९७२ मध्ये सेलिंकर यांनी या मधल्या अवस्थेला ‘इंटरलँग्वेज’ असं नाव दिलं: ना धड घरची भाषा ना परकी, पण तिला स्वतःचे नियम असतात. आपल्याकडे शेरा मारणाऱ्याला हे माहीत नसतं, त्याला वाटतं पोरानं लक्ष दिलं नाही.

पण खरी गंमत अशी की या तिन्ही वाक्यांत अर्थाला धक्का लागत नाही. ‘इज शोइंग’ लिहिलं तरी ग्राफ वाढच दाखवतो. टोकियोतला रिव्ह्यूअर हसेल कदाचित, फसणार नाही.

आता हे घ्या. आधीच्या हंगामात एक पद्धत वापरली, या हंगामातही तीच. मराठीत: ‘हीच पद्धत वापरली.’ इंग्रजीत उतरतं: ‘वी यूज्ड धिस मेथड ओन्ली.’ आपला ‘च’ म्हणजे ‘ओन्ली’, हे आपण शाळेपासून धरून चाललो आहोत. पण ‘च’ दोन कामं करतो. एक, ‘दुसरं काही नाही’. दुसरं, ‘तेच ते, आधीचंच’. ‘ओन्ली’ फक्त पहिलं काम करतो. म्हणजे वाचणाऱ्याला कळलं की तुम्ही एकच पद्धत वापरली, पडताळणीसाठी दुसरी वापरली नाही. तुम्ही कदाचित दोन वापरल्या असतील!

दुरुस्त करणारा काय करतो पाहा. त्याला वाक्याच्या शेवटी लोंबणारा ‘ओन्ली’ खटकतो, तो भारतीय इंग्रजीचा शिक्का आहे. तो उचलून पुढे नेतो: ‘वी यूज्ड ओन्ली धिस मेथड.’ व्याकरण चोख, कानाला गोड. आणि चुकीचा अर्थ आता पक्का झाला. आधी वाचणाऱ्याला निदान शंका आली असती की हा भारतीय ‘ओन्ली’ आहे. आता तीही सोय राहिली नाही. बरोबर वाक्य होतं ‘वी यूज्ड द सेम मेथड’, आणि ते इंग्रजीच्या ज्ञानातून येत नाही, प्रयोग माहीत असण्यातून येतं.

फेरिस यांची विभागणी मोडते ती इथे. ‘शब्दनिवडीला नियम नाही, म्हणून बरोबर शब्द थेट लिहून द्या.’ पण बरोबर शब्द कुणाला माहीत आहे? निबंध असेल तर शिक्षकाला. शोधनिबंधात तो फक्त ज्याने काम केलं त्याला माहीत असतो, आणि त्याच्याकडे इंग्रजी शब्द नसतो. ज्याच्याकडे इंग्रजी शब्द आहे त्याला प्रयोग माहीत नाही. दोघं समोरासमोर बसून बोलल्याशिवाय ही दुरुस्ती होऊच शकत नाही. माझ्या मते संशोधनाच्या लिखाणात रेघ ‘नियम आहे की नाही’ इथे न ओढता ‘दुरुस्त करायला प्रयोग माहीत असावा लागतो की नाही’ इथे ओढायला हवी. ‘द’ कुणीही लावून देईल, मोबाइलमधलं सॉफ्टवेअरही देईल. ‘च’ नाही.

आणखी उदाहरणं द्यायचा मोह होतोय, कारण एकदा ही रेघ दिसली की सगळीकडे दिसते. ‘वी हॅव डाउट अबाउट धिस रिझल्ट.’ आपल्याकडे ‘शंका’ म्हणजे प्रश्नही असतो. वर्गात ‘सर, एक डाउट आहे’ म्हणजे विचारायचं आहे. बाहेरचा वाचतो: यांचा स्वतःच्या निकालावर विश्वास नाही. ‘देअर वॉज अ ड्रॉप इन फ्रूट’ आणि ‘फ्रूट ड्रॉप’: पहिल्याचा अर्थ फळांची संख्या घटली, दुसऱ्याचा अर्थ फळगळ. संत्र्यावर काम करणाऱ्याने हे दोन एकमेकांच्या जागी वापरले तर सगळा तक्ता वेगळं बोलतो. ‘धिस प्रूव्ह्ज दॅट’: भूमितीच्या वहीपासून आपल्याला प्रत्येक गोष्टीच्या शेवटी ‘सिद्ध होते’ लागतं, पण दोन हंगामांच्या निरीक्षणाने काही सिद्ध होत नसतं, सुचवलं जातं.

एक उदाहरण उलट दिशेचं, म्हणजे चूक नसताना दुरुस्तीने चूक घुसवल्याचं. विद्यार्थी साधेपणाने लिहितो: ‘देअर वॉज अ बिग इन्क्रीज इन यील्ड.’ तपासणाऱ्याला ‘बिग’ बालिश वाटतो, तो ‘सिग्निफिकंट’ करतो. पेपरातल्या मराठीत ‘लक्षणीय वाढ’ म्हणजे मोठी वाढ, म्हणून कुणाला खटकतही नाही. पण विज्ञानाच्या लेखात ‘सिग्निफिकंट’ म्हणजे संख्याशास्त्रीय चाचणी लावली आणि फरक निव्वळ योगायोगाचा मानणं अवघड ठरलं. चाचणी लावलेलीच नाही! आता रिव्ह्यूअर पी-व्हॅल्यू मागणार, आणि पोराला कळणार नाही की आपण असं कधी म्हणालो. भाषा सुधारली आणि दावा खोटा झाला. सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी इथे जास्त जपायचं. ‘मे रिड्यूस’चं ‘रिड्यूसेस’ झालं तर वाक्य जास्त ठाम आणि नीटनेटकं वाटतं, आणि ‘स्वीकारा’वर बोट पडतंच. प्रत्येक बदलाला एकच प्रश्न विचारायचा: हे मी मोजलं आहे का?

ट्रसकॉटला इथे थोडं श्रेय द्यायला हवं. शिक्षकाला चूक ओळखता येईलच, तिचं कारण सांगता येईलच, आणि सांगितलेलं विद्यार्थ्याला कळेलच असं नाही, हे त्याने सविस्तर मांडलं आहे. पण त्याने स्वतःला व्याकरणापुरतं बांधून घेतलं, त्यामुळे वरच्या ‘ओन्ली’, ‘सिग्निफिकंट’बद्दल त्याच्याकडे काही नाही. ‘दुरुस्ती बंद करा’ हा त्याचा सल्ला ‘द’ला लावला तर आकाश कोसळणार नाही. शब्दनिवडीला लावला तर खोटे दावे छापून येतील. आणि होतं नेमकं उलटं: आपल्याकडे जे सोडलं तरी चालतं ते शाईने रंगतं, आणि जे पाहायलाच हवं ते स्वच्छ राहतं. ‘द’ची चूक शोधायला अर्धं मिनिट लागतं, ‘च’ची शोधायला विद्यार्थ्याला खुर्ची देऊन ‘तू नक्की काय केलंस ते सांग’ असं विचारावं लागतं.

याचा शेवट कुठे होतो तेही सांगतो, कारण तिथे खरंच काही पणाला लागलेलं आहे. ज्या पोराला दहा वेळा ‘इंग्लिश पूअर’ मिळालं तो अकराव्यांदा स्वतःचं वाक्य लिहीत नाही. तो छापलेलं वाक्य उचलतो, दोन शब्द बदलतो आणि टाकतो, कारण छापलेल्या वाक्याला लाल गोल बसत नाही. चोरी करायची म्हणून नाही, ओरडा वाचावा म्हणून. मग थीसिस तपासणीच्या सॉफ्टवेअरमधून जातो. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० च्या वर ४० पर्यंत गेलं तर सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा द्यायचा, ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रतही देता येत नाही, आणि ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. चुकलेल्या ‘द’ला या नियमांत एक दिवसाचीही शिक्षा नाही! म्हणजे ज्या चुकीने काहीच बिघडत नव्हतं तिच्या भीतीने पोरगं अशा चुकीत जातं जिथे वर्षं जातात. दुरुस्तीचं नुकसान मोजायचं असेल तर ट्रसकॉटने सांगितलेल्या ‘कमी लिहितात’च्या पुढे जाऊन हेही मोजायला हवं. पीएच.डी.साठी विषय शोधणाऱ्या शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांनो, हा घ्या, मी काही करणार नाही.

आपल्याकडे यावर वेगळा विचार झालेला नाही असंही नाही. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी बंगळूरला शाळांमध्ये एक प्रकल्प चालवला. वर्गात व्याकरण न शिकवता नकाशे, रेल्वेचं वेळापत्रक, हिशेबाची कोडी इंग्रजीतून सोडवायला द्यायची. चूक झाली तर काम अडू नये म्हणून तिथल्या तिथे बरोबर रूप सांगायचं आणि पुढे जायचं; चूक धरून तिच्यावर धडा घ्यायचा नाही. विज्ञानाच्या माणसाला हे पटकन पटतं, कारण लॅबमध्ये आपण असंच शिकतो. ब्युरेट चुकीची धरली तर सर हात सरळ करतात, ब्युरेटवर निबंध लिहायला लावत नाहीत. पण प्रभूंची मुलं शाळेतली होती, त्यांच्या वाक्यांतून कुणाचा दावा छापला जाणार नव्हता. त्यामुळे तेही जसंच्या तसं उचलता येत नाही.

मग तुम्ही, ज्यांना येत्या काही महिन्यांत सिनॉप्सिस द्यायची आहे, काय कराल? दुरुस्ती मागण्याची पद्धत तुमच्या हातात आहे, ती बदला. गाइडकडे पहिला मसुदा देताना भाषेसाठी देऊ नका. प्रत्येक चॅप्टरमधली दावा करणारी वाक्यं, म्हणजे ‘वाढलं’, ‘घटलं’, ‘यामुळे’, ‘पेक्षा’ असं काही सांगणारी, तेवढीच वेगळी काढा आणि त्यांच्या शेजारी मराठीत लिहा की तुम्हाला काय म्हणायचं आहे. घरच्या बोलीत लिहिलं तरी चालेल. ‘फळं जास्त गळून राहिली होती, पण मोजली नाही’ हे वाक्य समासात असलं तर तिथे ‘सिग्निफिकंट’ घुसू शकत नाही. गाइडला मराठी येत नसेल तर मराठी जाणणारा एखादा सीनिअर मध्ये घ्या. याला लाज वाटायचं कारण नाही. मराठीत दोन ‘च’ वेगळे आहेत हे तुम्हाला इंग्रजीवाल्या माणसापेक्षा जास्त कळतं, ते सांगायचं कामही तुमचंच. आणि ‘द’साठी? बिचनर-नॉक यांच्यासारखं एका वेळी एकच नियम धरा, महिनाभर तोच. बाकीचं सॉफ्टवेअरला करू द्या.

शेवटी एक वाक्य पूर्ण करून दाखवतो, आपल्याच बागेतलं. ‘आंबिया बहारासाठी डिसेंबरात झाडांना ताण दिला.’ शब्दाला शब्द ठेवला तर ‘वी गेव्ह टेन्शन टू ट्रीज’ होतं आणि सगळे हसतात. ‘टेन्शन’चं ‘स्ट्रेस’ केलं, ‘ट्रीज’च्या आधी ‘द’ लावला, की हसणं थांबतं आणि दुरुस्त करणारा पुढच्या ओळीवर जातो. पण स्ट्रेस कसला? पाण्याचा, उन्हाचा, मिठाचा, रोगाचा? किती दिवस? नरखेडच्या शेतकऱ्याला ‘ताण’ म्हटलं की सगळं कळतं: पाणी तोडायचं, पानं पिवळी पडून काही गळेपर्यंत थांबायचं, हलक्या जमिनीत लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत वेळ लागतो, मग पाणी देऊन ताण तोडायचा आणि फुलांची वाट पाहायची. त्या एका शब्दात एवढं सगळं बसलेलं आहे, म्हणून तो इंग्रजीत एका शब्दाने उतरत नाही. तिथे लिहावं लागतं की अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत सिंचन बंद ठेवलं, जमीन अशी होती, पानगळीची ही पातळी दिसल्यावर पाणी पुन्हा सुरू केलं. तारखा तुमच्या वहीत आहेत, दुसऱ्या कुणाकडे नाहीत. ‘ताण तोडला’चं ‘ब्रोक द स्ट्रेस’ करू नका, ‘सिंचन पुन्हा सुरू केलं’ असंच लिहा. ‘आंबिया बहार’ मात्र तसाच ठेवा, त्याला इंग्रजी शोधू नका. संत्र्यावरच्या इंग्रजी पेपरांमध्ये तो तसाच छापला जातो.